तोरणमाळला हिवाळा काढायचा तर हीटरच्या आधी छत आणि फरशी बघा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही जळगावच्या. सातपुड्यातल्या तोरणमाळच्या आश्रमशाळेत नेमणूक झाली आहे आणि नोव्हेंबरच्या मध्यावर हजर व्हायचं आहे. सोबत तीन वर्षांचा मुलगा आणि ६८ वर्षांच्या सासूबाई, त्यांना दमा. रूम हीटर किती वॉटचा घ्यावा आणि रजई किती किलोची, असं तुम्ही विचारलं आहे. शेवटी घाईघाईत एक वाक्य टाकलं आहे, "तिथल्या थंडीत सहन करण्यापलीकडे काही असतं का?" त्या वाक्यासाठी मी लिहायला बसले.

मी आरोग्य सेविका होते. माहेर अमळनेरचं. २००१ साली अक्राणी तालुक्यात गेले. नंदुरबार जिल्हा धुळ्यातून वेगळा होऊन तेव्हा तीनच वर्षं झाली होती. तोरणमाळचं पठार आणि धडगावकडचे पाडे मिळून अठरा हिवाळे मी तिकडे काढले. बाळंतिणी, तान्ही मुलं, दम्याचे म्हातारे हेच माझं रोजचं काम होतं, त्यामुळे थंडी अंगावर नेमकी कुठून चढते ते मी घराघरांत बसून पाहिलेलं आहे.

हीटरचं उत्तर पुढे देते. आधी ज्याची तयारी करायची ती थंडी कशी असते ते बघू. आपल्या खान्देशातल्या माणसाला उन्हाळ्याची तयारी शिकवावी लागत नाही. मे महिन्यात पारा ४५ वर गेला की दुपारी दारं-खिडक्या लावायच्या, वाळ्याचा पडदा भिजवायचा, खिशात कांदा ठेवायचा आणि बाहेरची कामं सकाळी दहाच्या आत उरकायची. दिवसाची कोणती वेळ टाळायची आणि कोणती वापरायची, हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं. तोरणमाळची थंडीही अशीच वेळेच्या हिशोबाने काढायची असते, फक्त घड्याळ उलटं.

तोरणमाळ समुद्रसपाटीपासून साधारण ११५० मीटरवर आहे आणि जळगाव २०० मीटरच्या आसपास. हजार मीटर चढलं की हवा साधारण सहा अंशांनी गार होते. म्हणजे दिवसा फरक तेवढाच. पण आपण अजून कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहोत, उष्ण कटिबंधात. डिसेंबरातही दुपारचा सूर्य बऱ्यापैकी वर असतो आणि आकाश निरभ्र असतं, म्हणून दुपारी एक वाजता तिथे साध्या सुती कपड्यात बसता येतं. त्याच निरभ्र आकाशामुळे रात्री जमिनीची ऊब झपाट्याने वर निघून जाते. सूर्य मावळल्यापासून उगवेपर्यंत जमीन गार होतच राहते आणि सगळ्यात कडक थंडी पडते ती पहाटे, अगदी सूर्योदयाच्या सुमारास. काश्मीरकडे दिवस-रात्र गारच असतं, त्यामुळे तिथली घरं त्याच हिशोबाने बांधलेली असतात. आपल्याकडे एकाच दिवसात दोन ऋतू येऊन जातात आणि घरं मात्र उन्हाळ्या-पावसाळ्याच्या हिशोबाची. बाहेरून आलेल्या माणसाला जो त्रास होतो तो पाऱ्याच्या आकड्याने कमी आणि या उलथापालथीने जास्त होतो.

आता थोडं "ते परिस्थितीवर आहे" असं म्हणावं लागेल. क्वार्टर कुठे मिळतं यावर खूप अवलंबून आहे. लोकांना वाटतं जितकं उंच तितकं गार. रात्रीचा हिशोब तसा नसतो. गार हवा जड असते. ती उतारावरून पाण्यासारखी खाली येते आणि खोलगट जागेत साठते. धुळे शहर तर सपाटीवर आहे, तरी थंडीची लाट आली की राज्यातल्या सर्वांत कमी तापमानाच्या गावांत त्याचं नाव येतं. तोरणमाळचं पठार बशीसारखं आहे, मध्ये यशवंत तलाव आणि कडेला उंचवटे. तलावालगतच्या खोलगट जागेत पहाटे जास्त गारठा आणि ओल. कडेच्या उंचवट्यावर गारठा थोडा कमी, पण वारा बोचतो. निवड हातात असेल तर ज्या घराला दक्षिणेकडे ओटा किंवा पडवी आहे, ते घ्या. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून फिरतो, त्या ओट्यावर दिवसभर ऊन राहतं. एखादी खोली कमी मिळाली तरी चालेल, ओटा सोडू नका.

दुसरं अवलंबून आहे ते छतावर. पत्रा असेल तर हे नीट वाचा. रात्री पत्रा आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार होतो, कारण तो थेट आकाशाकडे ऊब सोडत असतो. खोलीत झोपलेल्या माणसांच्या श्वासातली वाफ त्याच्यावर आतून जमते. पहाटे चारच्या सुमारास पत्र्याला घाम आल्यासारखा दिसतो, थेंब एकमेकांत मिसळत पन्हळीच्या खोलगट भागात उतरतात आणि मग टप्, टप् पांघरुणावर पडतात. माझ्या पहिल्या हिवाळ्यात मला वाटलं छत गळतंय. गोधडीचा पायाकडचा भाग रोज सकाळी ओला असायचा आणि मी पाऊस नसताना गळतं कुठून, याचा शोध घेत होते. शेजारच्या पावरा आदिवासी बाईने ते पाहिलं, घरातून दोन जुनी लुगडी आणली आणि पत्र्याखाली हातभर अंतर सोडून चारी बाजूंनी ताणून बांधून दिली. त्या रात्रीपासून थेंब बंद झाले. लुगडं आणि पत्रा यांच्यात जी हवा अडकते तीच पांघरुणाचं काम करते. तुम्ही साड्या बांधा, शेतमालाची स्वच्छ गोणपाटं शिवून बांधा, काहीही चालेल. फक्त चुलीच्या वर कापड येऊ देऊ नका आणि भिंतीच्या वरच्या बाजूची एखादी फट मोकळी ठेवा, वाफ बाहेर जायला वाट हवी.

छतानंतर फरशी. रजई किती किलोची हे तुम्ही विचारलंत, पण अंगाखाली काय घालणार ते विचारलं नाहीत. सगळे तेच विसरतात. शहाबादी फरशी रात्रभर अंगातली ऊब ओढून घेते. झोपल्यावर खालचं अंथरूण आपल्या वजनाने दबतं, त्यातली हवा निघून जाते, म्हणून वरच्यापेक्षा खाली जास्त लागतं. माझा हिशोब असा होता: वर दोन, खाली तीन. सगळ्यात खाली ताडपत्रीचा किंवा जाड प्लास्टिकचा तुकडा, कारण फरशीतून ओल येते. त्यावर सतरंजी, त्यावर गादी, त्यावर एक गोधडी. बाज किंवा खाट वापरणार असाल तर ओल लागत नाही, पण खालून वारा लागतो. तेव्हा बाजेवरही एक जाड गोधडी किंवा घोंगडी आधी पसरायची. सासूबाईंना खाटच द्या, त्यांना पहाटे उठताना जमिनीवरून उठणं जड जाईल.

गोधड्या घरच्याच घेऊन जा. आईच्या, आजीच्या साड्यांच्या सात-आठ घड्या एकावर एक ठेवून धावदोऱ्याने शिवलेली गोधडी विकतच्या एका जाड ब्लँकेटला मागे टाकते, कारण प्रत्येक थरात हवा अडकते. पण गोधडीला एक गोष्ट लागते, रोजचं ऊन. रात्रभर आपल्या अंगातली वाफ तिच्यात शिरलेली असते. सकाळी घडी करून ठेवली तर ती आत ओली राहते आणि दुसऱ्या रात्री गार लागते. अकरा वाजता ओट्यावर नाहीतर दोरीवर टाकायची, एकदा बाजू पालटायची आणि साडेतीन-चारला, ऊन उतरायच्या आत, गरम असतानाच घडी करून आत आणायची. हात घातला तर आतून ताज्या भाकरीसारखी ऊब लागते. पाच वाजेपर्यंत बाहेर राहिली की ती पुन्हा गारवा आणि ओल ओढून घेते आणि दिवसभराचं ऊन वाया जातं. शाळेतून सुटायला उशीर होणार असेल तर हे काम सासूबाईंवर सोपवा. त्यांनाही उन्हात बसायला कारण मिळेल.

घराचं एवढंच: ओटा दक्षिणेला, पत्र्याखाली कापड, अंगाखाली तीन थर, गोधडीला ऊन. एवढं केलंत की हीटरची ओढ निम्म्याने कमी होईल.

आता हीटर. मी घेतला नसता. २००० वॉटच्या हीटरला १६ अँपिअरचा सॉकेट आणि नीट अर्थिंग लागतं, जुन्या क्वार्टरच्या वायरिंगला तो भार झेपेलच असं नाही. डोंगरात वीज जाते ती नेमकी पहाटे किंवा वारा सुटल्यावर, आणि हीटरची सवय झालेल्या माणसाला त्या रात्री जास्त हुडहुडी भरते. कॉइलचा हीटर हवा कोरडी करतो, दम्याच्या माणसाला ते सोसत नाही. त्यात घरात तीन वर्षांचं मूल. त्यापेक्षा तेवढ्या पैशांत तीन रबरी गरम पाण्याच्या पिशव्या घ्या. पाणी उकळतं घालायचं नाही, हाताला सोसेल त्यापेक्षा थोडं जास्त. पिशवी पाऊण भरायची, हवा काढून टाकायची, टॉवेलात गुंडाळायची आणि झोपायच्या वीस मिनिटं आधी अंथरुणात पायाच्या जागी ठेवायची. मुलाच्या अंथरुणातून मात्र तो झोपताना ती काढून घ्यायची. तान्ह्या मुलांना पिशवीने भाजलेलं मी पाहिलं आहे, झोपेत मूल पाय बाजूला घेत नाही.

शेगडीबद्दल मी जरा सविस्तर सांगते, कारण यात माझा जीव जाता जाता वाचला आहे. जानेवारी २००२. आकाशात दोन दिवस ढग होते, तिसऱ्या दिवशी ते गेले आणि उत्तरेचा वारा सुटला. मी कोळशाची शेगडी पेटवली, निखारे लाल झाल्यावर धूर थांबला म्हणून ती खोलीत आणली, दाराखालची फट पोत्याने बंद केली, खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबल्या आणि झोपले. माझ्या मते धूर नव्हता म्हणजे धोका नव्हता. मध्यरात्री डोकं प्रचंड दुखतंय म्हणून जाग आली, मळमळत होतं आणि पायात उठायचं बळ नव्हतं. गुडघ्यावर सरकत दारापर्यंत गेले, कडी काढली आणि उंबऱ्यावरच पडले. बाहेरच्या हवेत तासाभराने डोकं ताळ्यावर आलं. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. तो रक्तात प्राणवायूची जागा घेतो आणि माणसाला झोप येत जाते. मी आरोग्य खात्यातली असून मला ते त्या रात्री सुचलं नाही. त्यानंतर प्रत्येक हिवाळ्यात, प्रत्येक नव्या कर्मचाऱ्याला मी हे पहिल्या दिवशी सांगत आले.

तुम्ही म्हणाल, तिथले लोक तर घरात आगटी पेटवूनच झोपतात. खरं आहे. पण त्यांच्या घरांची भिंत बांबूच्या कुडाला शेणमाती लिंपलेली असते आणि वर कौलं. कुडातून, कौलांच्या सांध्यांतून घर सारखं श्वास घेत असतं. तुमची खोली सिमेंटची, दार घट्ट, खिडकीला काच. तीच आग दोन घरांत दोन प्रकारे वागते. शेकोटी हवीच, पण ती अंगणात. अंग शेका, हातपाय शेका, निखारे तिथेच विझवा आणि मग आत या. नायलॉनची साडी, ओढणीचे पदर, मुलाची झिपऱ्यांची टोपी यांना आगीपासून दूर ठेवा. आणि सासूबाईंना शेकोटीपाशी बसवणार असाल तर वाऱ्याच्या वरच्या अंगाला, जिकडून वारा येतो तिकडे, म्हणजे धूर त्यांच्यावर येणार नाही.

सासूबाईंचं निघायच्या आधी जळगावातच करून घ्या. डॉक्टरांकडून तपासणी, दोन महिन्यांची औषधं आणि फ्लूच्या लसीबद्दल विचारणं. त्या दम्याचा पंप (इनहेलर) घेत असतील तर एक जास्तीचा ठेवा. गारठ्यात पंप नीट फवारत नाही, हे फार जणांना माहीत नसतं. रात्री तो खिडकीत ठेवू नका, उशाजवळ ठेवा आणि घेण्याआधी दोन मिनिटं मुठीत धरून कोमट करा. गार कोरडी हवा सरळ छातीत गेली की श्वासनळ्या आवळतात, म्हणून सकाळी बाहेर पडताना नाका-तोंडावरून सुती ओढणी किंवा मफलर घ्यायचा. स्वतःच्याच श्वासाची ऊब पुढचा श्वास कोमट करते. नऊच्या आधी त्यांनी अंगणापलीकडे जाऊ नये. रात्री लघवीला उठायचं असेल तर आधी अंथरुणातच दोन मिनिटं बसायचं, शाल घ्यायची, मग उभं राहायचं. थंडीत रक्तवाहिन्या आवळून रक्तदाब वाढतो, उबेतून एकदम गारठ्यात जाणं वयस्कर माणसाला बाधतं. बीपीची गोळी चालू असेल तर पहिल्या महिन्यात दोनदा तरी बीपी मोजून घ्या. श्वास लागून वाक्य पुरं करता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, तर सकाळची वाट बघायची नाही, लगेच दवाखाना. आणि तहान लागत नाही म्हणून पाणी कमी होतं, ते होऊ देऊ नका. फ्लास्कमध्ये कोमट पाणी भरून त्यांच्या हाताशी ठेवा.

मुलाचं वेगळं. शहरातून आलेल्या आया मुलाला सकाळी जे गुंडाळतात ते संध्याकाळपर्यंत तसंच ठेवतात. अकरा वाजता ऊन चढतं, मूल पठारावर धावतं, आतून घामाने चिंब होतं. पाच वाजता सूर्य उतरतो आणि तो ओला बनियन अंगावर गार पडतो. मग रात्री खोकला, आणि दोष थंडीला. स्वेटर घालायच्या वेळेइतकीच काढायची वेळ महत्त्वाची आहे. एक जाड जाकीट घेण्याऐवजी तीन पातळ थर घ्या: आत सुती, मग लोकरीची बंडी, वर वारा अडवणारं काहीतरी. दहाला वरचा काढा, बाराला मधला. चार वाजता पाठीवर हात घालून बघा, ओलं लागलं तर आतला बदला आणि मग उलट क्रमाने चढवा. कानटोपी आणि कोरडे मोजे संध्याकाळी पाचनंतर न चुकता. आंघोळ दुपारी बाराला, आधी खोबरेल किंवा तिळाचं तेल, आडोशाला, उन्हात. साबण एक दिवसाआड. रोज साबण लावला तर तिथल्या कोरड्या हवेत गालाची साल निघते. ऊनही वरचं असल्यामुळे चटका लावतं, दुपारी खेळायला जाताना टोपी हवी. स्वेटरांसाठी फार दूर जाऊ नका, थंडी लागली की जिल्ह्याच्या गावी रस्त्याकडेला तिबेटी लोक दुकानं मांडतात, तिथे लोकरीचं चांगलं मिळतं. माझी घोंगडी मात्र सारंगखेड्याच्या यात्रेतली आहे. दत्तजयंतीला तापीकाठी ती यात्रा भरते, घोड्यांचा बाजार असतो. तुम्ही रुळेपर्यंत ती येईलच, मुलाला घोडे दाखवायला जरूर न्या.

पाण्याची एक युक्ती रावेर-यावलकडच्या केळीवाल्यांना माहीत असते. कडाक्याच्या रात्री ते बागेला विहिरीचं पाणी देतात, कारण जमिनीच्या पोटातलं पाणी हवेपेक्षा उबदार असतं. तुम्हीही सकाळच्या वापरासाठी गच्चीवरच्या टाकीचं पाणी घेऊ नका, ते रात्रभर उघड्यावर गार झालेलं असतं. हापशाचं किंवा विहिरीचं पाणी ताजं उपसा, हाताला कोमट लागेल, तापवायला लाकूडही कमी लागेल. स्वयंपाकाचं एक ध्यानात ठेवा. त्या उंचीवर पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात डाळ शिजायला वेळ लागतो. कुकर न्या.

मोहाची घोटभर घेतली की ऊब येते, असं तिथे कुणी ना कुणी सांगेल. कातडीकडे रक्त धावतं म्हणून गरम वाटतं आणि तीच ऊब अंगातून निघून जाते. घरातल्या पुरुषांना तेवढं सांगून ठेवा.

थंडी कधी वाढणार हे तुम्हाला आकाश सांगेल. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडे पाऊस-बर्फ झाल्याच्या बातम्या येतात, आपल्याकडे ढग येतात आणि रात्री उलट उबदार जातात. नवे लोक म्हणतात थंडी गेली. ढग हटले की पुढच्या दोन-तीन रात्री सर्वांत कडक. तेव्हा ढगाळ दिवसांतच जळण कोरडं करून आत घ्या आणि जास्तीच्या गोधड्या काढा. त्या रात्रींनंतर सकाळी गवताकडे बघा. पारा चारवर असला तरी जमिनीलगत तो त्याहून खाली असतो, म्हणून पेंढ्याच्या काडीवर दव गोठलेलं दिसतं, बारीक मिठासारखं. सातपुड्यातल्या डाब गावाच्या बाजूला असं दव गोठल्याच्या बातम्या जवळजवळ दर हिवाळ्यात येतात. मुलाला बोटाने ते उचलू द्या, ऊन लागलं की दहा मिनिटांत जातं.

आता तुमच्या शेवटच्या वाक्याकडे येते. हो ताई, सहन करण्यापलीकडे पुष्कळ असतं. एखाद्या रविवारी सूर्य उगवताना यशवंत तलावाकाठी जा. पाणी हवेपेक्षा उबदार असतं, त्यामुळे सगळ्या तलावावरून वाफ निघते. सूर्याची तिरीप पठारावर आली की ती वाफ आधी नारंगी होते, मग विरळ होत होत एका क्षणी समोरचा काठ दिसायला लागतो. मी अठरा वर्षांत ते शेकडो वेळा पाहिलं आणि प्रत्येक वेळी पाय थबकले. दुपारी सीताखाईच्या कड्यावर उन्हात पाठ करून बसा. रात्री जेवणानंतर अंगणात या. मृग आणि त्याच्यामागे व्याध इतके ठसठशीत दिसतात की मुलाला बोट दाखवावं लागत नाही, आणि दहा-अकरानंतर दक्षिणेला, क्षितिजापासून थोडा वर, एक शांत तेजस्वी तारा दिसतो, तो अगस्त्य.

खाणं तर हिवाळ्याचंच. जळगावहून येताना भरताची वांगी घेऊन जा, ती तीन-चार दिवस टिकतात. कपाशीच्या वाळल्या काड्यांवर वांगी भाजायची, साल काढून लाकडी बडगीत हिरवी मिरची, लसूण घालून ठेचायची, वरून कांद्याची पात आणि शेंगदाण्यांची फोडणी. सोबत कळण्याच्या पुऱ्या किंवा भाकरी. शाळेतल्या कामाठी, स्वयंपाकी बायकांना त्या दिवशी जेवायला बोलवा. भरीत हे चार जणांत बसूनच खायचं असतं, आणि अनोळखी गावात पहिली ओळख अशीच होते. त्या बदल्यात तुमच्याकडे डोंगरातलं येईल: मोलगीकडची भगर, धडगावचा आमचूर, नोव्हेंबरात रानातली सीताफळं. सासूबाईंना हुलग्याचे शेंगोळे येत असतील तर थंडीच्या संध्याकाळी त्यासारखं दुसरं काही नाही. डिंकाचे लाडू निघायच्या आधी करून घ्या. आमच्या अहिराणीत हिवाळ्याला हिवाया म्हणतात, आणि आई लाडू वळताना म्हणायची, हिवाया खाण्याचा महिना.

एक विनंती मात्र करते, न विचारता. तुमच्या शाळेतली मुलं वसतिगृहात राहतील, पहाटे आंघोळ करून वर्गात बसतील. पातळ गणवेश, अनवाणी पाय आणि गार फरशी. थंडीत निम्मा वर्ग खोकताना मी पाहिलेला आहे. मुख्याध्यापकांशी बोलून डिसेंबर-जानेवारीत आंघोळीची वेळ दुपारच्या सुटीत करता येते का बघा. पहिला तास बाहेर उन्हात घ्या, फळा भिंतीला टेकवून ठेवता येतो. मुलांना ब्लँकेटं मिळाली असतील तर ती दर दोन दिवसांनी उन्हात टाकायला लावा, मुलं आनंदाने करतात. लहान मुलींना दोघी-दोघींना जोडीने झोपवलं की दोघींची पांघरुणं दुहेरी होतात. हे सगळं बिनपैशाचं आहे आणि एक शिक्षिका मनावर घेईल तर सहज होतं.

निघायच्या दिवशी सामानाच्या टेम्पोत गोधड्या सगळ्यात शेवटी चढवा, म्हणजे वर पोहोचल्यावर आधी त्या हाताला लागतील. आणि शक्यतो शहाद्याहून सकाळी निघा. राणीपूर सोडलं की घाट लागतो, तेव्हा गाडीच्या काचा बंद करून सासूबाईंच्या अंगावर शाल आणि मुलाच्या अंगावर मधला थर चढवा. दुपारी बाराला क्वार्टरला पोहोचाल, ओट्यावर ऊन असेल. त्या उन्हात आधी अंथरुणं पसरा, मग बाकीचं सामान उतरवा.